लॉबीतलं जाळं

चंद्रपुरात घरं सजवणाऱ्या माणसाची वाघापासून सुटका नाही. मी हे काम बरीच वर्षं करते आहे, आणि पहिल्याच भेटीत घरमालकानं मोठ्या भिंतीकडे हात करून "इथं वाघ" म्हटलं नाही, असं क्वचितच झालं आहे. अर्धा जिल्हा वाघाच्या भीतीनं दिवस मावळायच्या आत शेतातून घरी पळतो आणि उरलेला अर्धा त्याला फ्रेममध्ये घालून सोफ्याच्या वर टांगतो. माजरीकडे कोळशाच्या गाड्या चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे नुसतं वाघाचं तोंडच भिंतभर होतं. त्याच्या डोळ्यांचा पिवळा धरून मी पडदे निवडले, गाद्या निवडल्या, गालिचा निवडला. घर झकास दिसलं. फक्त त्यांच्या सासूबाई जेवायला बसल्या की खुर्ची फिरवून वाघाकडे पाठ करायच्या, आणि मग तो मागून बघतो म्हणून पुन्हा सरळ व्हायच्या. त्यांचं जेवण म्हणे तेव्हापासून कमी झालं.

तरी त्या गृहस्थांचं मला एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. त्यांनी आधी चित्र घेतलं आणि मग घर केलं. बाकी बहुतेक लोक उलट करतात. फर्निचर होतं, रंग होतो, पडदे लागतात, वास्तुशांतीच्या पत्रिका छापायला जातात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की भिंत मोकळी राहिली. मग पडद्याला मॅचिंग चित्र शोधायला मला नागपूरला पिटाळतात. साडीवर ब्लाउज शोधावा तसं चित्र शोधायचं. असं आणलेलं चित्र भिंतीवर गुपचूप बसतं, घराला काही म्हणत नाही. चित्र आधी आलं तर ते घराला कामाला लावतं. उजेड कुठून यावा, माणसानं कुठं बसावं, कुठला रंग गप्प राहावा, हे सगळं मग तेच सांगतं.

हे माझं मत मी जो भेटेल त्याला ऐकवत असे. त्यामुळे शहराबाहेर नवी उंच इमारत बांधणाऱ्या बिल्डरनं मला खालची लॉबी करायला बोलावलं, तेव्हा मी हुरळून गेले. 'लक्झरी' हा शब्द त्याच्या प्रत्येक वाक्यात एकदा तरी यायचा. लॉबीसाठी त्याचा बेत तयार होता. इटालियन मार्बल, छताला झुंबर, मधोमध कारंजं आणि कारंज्यात उभा फायबरचा वाघ. मी म्हटलं, सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाची पाचावर धारण बसेल. तो हसला नाही. मग मी त्याला नागपूरला घेऊन गेले आणि एका प्रदर्शनात ते जाळं दाखवलं.

ते सुताचं जुनं फेकजाळं होतं. नदीत उभं राहून हातानं भिरकावतात, पाण्यावर गोल पसरतं आणि शिशाच्या मण्यांच्या वजनानं खाली बसतं, ते. नागपूरच्या एका शिल्पकारानं ते वैनगंगेच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावातून विकत घेतलं होतं. शेंड्याला दोर बांधून त्यानं ते उंचावरून टांगलं होतं, खालचा घेर एका कड्यावर ताणला होता आणि आत दिवा सोडला होता. जाळं जागोजागी फाटलेलं होतं. एका बाजूला तर बैलगाडीच्या चाकाएवढं भगदाड होतं. बाकी जाळ्याची बारीक सावली भिंतीभर पसरायची, आणि त्या भगदाडातून तेवढा उजेड जमिनीवर पडायचा. शिल्पकाराचं म्हणणं असं, की निसटून गेलेलं जे असतं ते त्या भगदाडात आहे. मला ते पटलं. ढिवराची, नदीत मासे धरणाऱ्याची पोर मी, लहानपणी अशा जाळ्यांच्या वासानं नाक मुरडायची, आणि तिथं त्या फाटक्या जाळ्यापुढं उभी राहून माझे डोळे भरून आले. बिल्डरनं डोळे भरलेले पाहिले आणि जाळं घेतलं. त्याला वाटलं असेल, मॅडम रडते म्हणजे माल चांगला आहे.

पुढची सगळी लॉबी त्या जाळ्यानं केली, मी नाही. मार्बल रद्द झाला, कारण चकचकीत जमिनीवर दिव्याचं प्रतिबिंब पडून सावली मरते. तिथं काळा, न घासलेला कडप्पा घातला. भिंतींना चुन्याचा खरखरीत गिलावा दिला, कारण त्यावर सावली नीट उमटते. झुंबर गेलं. उजेड जिथं पडायचा त्याच्या कडेनं गडचिरोलीच्या कारागिरांकडून करून आणलेल्या बांबूच्या खुर्च्या मांडल्या, एक बुटकं टेबल ठेवलं. माणूस दारातून आत आला की पाय आपोआप त्या उजेडाकडे वळायचे. दिवाळीच्या सुमारास लॉबी उघडली. लोकांना आवडली, निदान तसं ते म्हणाले. बिल्डरनं पुढच्या इमारतीचं कामही मलाच द्यायचं बोलून दाखवलं. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर नवऱ्यानं आणि मी आमचं घर घेतलं होतं. बँकेचं कर्ज आम्हा दोघांच्या निवृत्तीपर्यंत पुरेल एवढं आहे, पण तो विषय वेगळा.

घर घेण्यामागं माझं एक कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी माय. मार्कंड्याच्या देवळांच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या काठी आमची टोली, म्हणजे ढिवरांची वस्ती आहे. बाबा गेल्यापासून माय तिथं एकटीच राहायची. मी एकुलती एक. तिचे गुडघे गेलेले. जुन्या भाड्याच्या घरी ती आली की आठ दिवसांत परतीची गाडी विचारायची. मला वाटायचं, जागा लहान आहे, कोंडल्यासारखं होत असेल. म्हणून नव्या घरात मी तिच्यासाठी वेगळी खोली केली, आणि ती माझ्या सगळ्या अकलेनं केली. आधी चित्र आणलं. पहाटेची वैनगंगा, काठावर देवळांची शिखरं, पाण्यात एक डोंगा. त्या चित्रातला राखाडी भिंतींना दिला, पाण्यातला हिरवट चादरीला घेतला. पलंग असा ठेवला की डोळे उघडले की समोर नदी दिसावी.

धान कापून झाल्यावर माय आली. खोलीत उभी राहून तिनं सगळं पाहिलं. "चांगलं हाय," म्हणाली, आणि चटई घेऊन हॉलमध्ये झोपली.

मला ते लागलं. दुसऱ्या दिवशीही ती हॉलमध्येच झोपली. मात्र आठ दिवस झाले, पंधरा झाले, तिनं गाडीचं नाव काढलं नाही. महिना उलटला. माझी खात्री पटत चालली की खोलीनं हळूहळू काम केलं. मैत्रिणींना मी सांगतही सुटले, की वातावरण नीट दिलं तर म्हातारं माणूससुद्धा रुजतं. शिवरात्रीला माय मार्कंड्याच्या जत्रेला गेली. मला वाटलं, आता काही परत येत नाही. चार दिवसांनी ती एकटीच बसनं परत आली. पिशवीत प्रसाद होता, सुताचा भलामोठा गुंडा होता आणि कसलीशी साल होती. ती साल तिनं माझ्या चांगल्या पातेल्यात उकळली. पातेलं तपकिरी झालं ते आजतागायत तसंच आहे. गुडघ्याचं औषध असेल असं मी ठरवून टाकलं आणि विचारलंही नाही. मी दिवसभर बाहेर असायचे, नवरा बँकेत. संध्याकाळी आम्ही येऊ तेव्हा माय हॉलमध्ये गप्प बसलेली असायची. गप्प असली तरी चेहरा बरा असायचा. मला तेवढं पुरत होतं.

त्याच दिवसांत लॉबीतला उजेड कमी वाटू लागला. मी इलेक्ट्रिशियनला बोलावून दिवा बदलून घेतला. काही दिवसांनी पुन्हा मंद वाटला, तेव्हा जास्त ताकदीचा बसवून घेतला आणि त्याला दोन शब्द सुनावले. रोज जाता-येता मी त्या जाळ्याजवळून जायचे. जाळ्याकडे मात्र मी पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पाहिलं ते शिल्पकारानं. बिल्डरला पुढच्या इमारतीच्या जाहिरातीसाठी लॉबीचे फोटो हवे होते, म्हणून शिल्पकार नागपूरहून आला होता. मला खाली बोलावणं आलं. मी गेले तर तो जाळ्यापुढं हात बांधून उभा होता. भगदाड नव्हतं. बैलगाडीच्या चाकाएवढी ती जागा जाळ्याच्या डोळ्याला डोळा जोडून विणून काढलेली होती. सूत थोडं नवं, पण रंग जवळजवळ तोच. लहान फाटकी ठिकाणंही सगळी मिटली होती. जमिनीवरचा उजेड गेला होता, आणि बांबूच्या खुर्च्या अंधारात उगाच कोंडाळं करून बसल्यासारख्या वाटत होत्या. खरं सांगायचं तर लॉबी बिघडली होती. कुणीही येऊन कुठंही बसावं अशी ती एक साधी खोली झाली होती.

बिल्डर आम्हाला तळमजल्यावरच्या ऑफिसात घेऊन गेला आणि त्यानं कॅमेऱ्याचं जुनं चित्रण लावायला सांगितलं. पडद्यावर दुपारची रिकामी लॉबी दिसली. लिफ्ट उघडली आणि माझी माय बाहेर आली. हातात चप्पल होती. आमच्या पॉलिश न केलेल्या काळ्या दगडावर ती चप्पल घालत नाही, हे मला तेव्हा कळलं. वॉचमननं तिच्यासाठी स्टूल आणलं. गोंडपिपरीकडचा हा मध्यमवयीन माणूस मला रोज सलाम करायचा, पण कधी हसायचा नाही. माय स्टुलावर बसली, कनवटीची बांबूची सुई आणि माझ्या पातेल्यात त्या सालीनं रंगवलेलं सूत काढलं, आणि जाळ्याचा फाटका काठ मांडीवर ओढून घेतला. आवाज नव्हता. पण ती बोलत होती आणि वॉचमन हसत होता. मग तीही हसली, पार मान मागं टाकून. तिसऱ्या मजल्यावरची सिरोंचाकडची एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून जाळ्याचा काठ धरायला बसली. त्या बाईला मराठी धड येत नाही आणि मायला तेलुगू अजिबात येत नाही, तरी दोघींचं चांगलं चाललेलं दिसत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर ही गप्प बसते, आणि खाली वॉचमनजवळ तिचं तोंड थांबत नाही.

बिल्डर म्हणाला, "ही कोनाकडची कामवाली आहे? आजच बंद करतो तिचं येणं."

"माझी माय आहे," मी म्हटलं.

त्यानं सगळ्यांसाठी चहा मागवला. वॉचमन दारात उभा होता, त्याला वाटलं आता आपली नोकरी गेली. त्यानं हळूच सांगितलं, की मॅडमची लॉबी, मॅडमची आई, मॅडमनंच सांगितलं असेल असं त्याला वाटलं. मी त्याला म्हटलं, तुमची काही चूक नाही. बिल्डरनंही मान हलवली.

शिल्पकार शांतपणे बोलला. काम सुरेख केलं आहे, पण माझं काम त्यात गेलं, असं तो म्हणाला. जिथं भगदाड होतं तिथंच त्याला ते पुन्हा कापायचं होतं, फोटोवाला यायच्या आत. त्याचं बरोबर होतं. ज्या भगदाडासाठी मी जमीन बदलली, भिंती बदलल्या, दिवे काढले, ते बुजल्यावर त्या लॉबीला अर्थ उरत नव्हता. मी हो म्हटलं.

लिफ्टमध्ये मला आमची टोली आठवली. आमच्याकडे फाटकं जाळं घराबाहेर टांगतात. अंगणात दोन खांबांच्या मध्ये, नाहीतर वाटेवरच्या बाभळीला. ते टांगलं की शेजारपाजाऱ्यांना समजतं. कुणी कुणाला हाक मारत नाही, ये म्हणत नाही. येणारा-जाणारा ज्याला वेळ असेल तो बसतो, दोन-चार डोळे विणतो, बोलतो, उठून जातो. जाळं टांगलेलं दिसलं आणि सरळ पुढं गेला, तर त्या माणसाला लोक गर्विष्ठ म्हणतात. हे मला ठाऊक होतं. शहरात इतकी वर्षं राहून ते माझ्या डोक्यातून असं निघून गेलं होतं की मी फाटकं जाळं सगळ्यांच्या वाटेवर टांगलं, आणि मला ते चित्र वाटलं. मायला ते जाळंच दिसलं. ती बिचारी आपल्याकडच्या रीतीनं वागली, एवढंच. मी मनाशी ठरवलं की तिला अगदी सांभाळून सांगायचं.

माय स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ते जाळं मासे धरायचं नाही, शोभेचं आहे. फाटलेलं मुद्दामच ठेवलं होतं, उजेडासाठी. आता ते पुन्हा कापावं लागणार. तिला वाईट वाटेल, ती रडेल, असं मला वाटत होतं.

तिनं तांदळातला खडा बाजूला काढला. "कापा ना मंग," म्हणाली. "तुमचं जाळं हाय. पन आधी सांगाचं होतं, फाटकंच ठेवाचं हाय म्हनून. माझं सूत वाया नसतं गेलं."

एवढंच. मला हायसं वाटलं. संध्याकाळी शिल्पकारानं जाळं कापलं. मी खाली उभी होते. कात्री त्या नव्या विणीतून जाताना बघवलं नाही, म्हणून मी जमिनीकडे पाहत राहिले. जमिनीवर आधी उजेडाची एक तिरीप आली, मग ती वाढत गेली. खुर्च्या पुन्हा नीट दिसू लागल्या. बिल्डर म्हणाला, आता कसं. मीही म्हटलं, हो, आता बरोबर झालं. ते खरंच बरोबर झालं होतं, तरी मी तिथं फार थांबले नाही.

वर आले तर माय तिच्या खोलीत होती. त्या खोलीत ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. पलंगावर पिशवी उघडी होती आणि ती लुगड्यांच्या घड्या घालून आत ठेवत होती. सकाळची मूल गावावरून जाणारी गाडी कितीला आहे, असं तिनं विचारलं.

माझं डोकं तापलं. इतके दिवस सगळं गोड चाललेलं आणि एका जाळ्यापायी ही उठून चालली. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुझ्यासाठी मी ही खोली केली, एवढं चित्र आणलं, तू एक दिवस इथं झोपली नाहीस. तुला माझं काहीच नको. तिकडं एकटी पडून राहशील, पण पोरीच्या घरी राहणार नाहीस. एका फाटक्या जाळ्यासाठी एवढा राग?

"राग नाई आला मले," माय म्हणाली. तिनं हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं. "जाळं कोन कायले बाहेर टांगते, तुले मालूम नाई काय? तुझे बाबा गेले तवापासून आपलं जाळं घरातच पडून हाय. मी बाहेर टांगलंच नाई. विनून कोनासाठी ठेवाचं होतं? मंग इथी आली. पाहते तं दरवाज्यातच फाटकं जाळं. मोठ्या लोकाची बिल्डिंग, कोनी हात लावून नाई राह्यलं. वॉचमनभाऊले इचारलं, हे कोनं टांगलं, तं त्यानं तुझं नाव सांगतलं. म्या म्हनलं, पोरीनं माझ्यासाठी टांगलं. तोंडानं राह्य म्हनाची तिले लाज वाटते, म्हनून जाळं टांगलं. तवाच म्या ठरवलं का राहाचं."

ती पुढं म्हणाली, "आता तू म्हनते का ते शोभेचं हाय. मंग मले तं कोनी बोलावलंच नोतं."

मला खोटं बोलता आलं असतं. हो माय, तुझ्यासाठीच टांगलं होतं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मायसमोर मला लहानपणापासून खोटं जमत नाही.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यासाठी नव्हतं टांगलं. मला सुचलंच नाही."

तिनं मान हलवली आणि लुगड्याची घडी पुन्हा घालायला घेतली.

तेव्हा मी आठवत राहिले, की मी तिला राहा असं कधी म्हटलं होतं. दर वेळी मी म्हणायचे, तुला वाटलं तर राहा. तुझी मर्जी, घर तुझंच आहे. मला वाटायचं मी किती समजूतदार मुलगी आहे, मायवर जबरदस्ती करत नाही. असं आपण पाहुण्याला बोलतो. जेवून जा म्हणतो आणि तो नको म्हणेल याची वाट बघतो. खोली करून दिली, भिंत रंगवली, नदी टांगली, आणि एवढ्या सगळ्या पसाऱ्यात ते एक वाक्य तेवढं राहून गेलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मी माझ्या मायशी करत होते.

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले. ऑफिसात मी दहा माणसांसमोर भिंतींवर बोलते, बिल्डरला गप्प करते, आणि इथं चार शब्दांसाठी माझा जीव अर्धा झाला.

"माय, जाऊ नको," मी म्हटलं. "मला तू इथं पाहिजे."

बाहेर लिफ्टचा आवाज झाला, कुणीतरी वरच्या मजल्यावर गेलं. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. सूत ओढून ओढून तिच्या बोटाला चिरा पडल्या होत्या, त्या मला लागल्या.

"एवढंच म्हनाचं होतं," ती म्हणाली, "तं एवढे दिवस काऊन लावले, बाई?"

आणि तिनं पिशवीतली लुगडी एकेक करून परत बाहेर काढली.